गोष्ट नेटवर टाकण्याआधी

नेटवर लिहायला लागलेल्या माणसाचा पहिला प्रश्न असतो, "कुठे टाकू?" दुकानात मला तो सारखा विचारला जातो आणि मी तो तिसऱ्या नंबरला ढकलते. आधी मूळ मजकूर कशात टाइप केलाय ते बघायचं. मग तो कुठल्या क्रमाने कुठेकुठे जाणार ते ठरवायचं. या दोन गोष्टी पोस्ट करण्याआधीच आपल्या हातात असतात. नंतर फक्त निस्तरणं उरतं.

दुकान म्हणजे मिरजेतलं डीटीपीचं दुकान. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, शाळांच्या प्रश्नपत्रिका यांवर घर चालतं. शटर अर्धं ओढलं की मी कथा लिहिते. काही दिवाळी अंकांत आल्या, बऱ्याचशा नेटवर आहेत. लिहिणारी माणसंही इथे येतात. निवृत्त गुरुजी, एसटीतले कंडक्टर, सिव्हिलमधल्या सिस्टर, द्राक्षबागायतदार. त्यांना काउंटरवर जे सांगते तेच इथे सविस्तर लिहिते आहे.

मजकूर आधी सुधारा

एक गुरुजी आले होते. "ताई, पेनड्राइव्हमध्ये अख्खी कादंबरी आहे, तेवढी फेसबुकवर चढवून द्या." फाइल उघडली तर श्रीलिपीत टाइप केलेली. कॉपी करून फेसबुकवर चिकटवली की इंग्रजी अक्षरं, कंस आणि डॉलरच्या खुणा यांची खिचडी. गुरुजींना वाटलं व्हायरस आहे.

व्हायरस नसतो. श्रीलिपी, आयएसएम, कृतिदेव, शिवाजी या जुन्या फॉन्टांमध्ये फाइलीत प्रत्यक्षात साठवलेली असतात ती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. फॉन्ट त्यांना मराठीचा आकार देतो. फॉन्ट गेला की आकार गेला. युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, म्हणून ते मोबाइलवर, ब्लॉगवर, किंडलवर कुठेही तसंच दिसतं आणि गुगलला सापडतं. मोबाइलवर टाइप केलेलं सगळं युनिकोडच असतं, त्यामुळे तरुण लेखकांना हा त्रास सहसा होत नाही. तो होतो ज्यांचं पुस्तक आधी छापून झालंय त्यांना.

छापखान्यातली एक गोष्ट लेखकांना कुणी सांगत नाही. तुम्ही युनिकोडमध्ये दिलेला मजकूर पुष्कळ ठिकाणी पान लावण्यासाठी जुन्या फॉन्टात बदलला जातो. मग प्रुफं निघतात, तुम्ही लाल पेनाने दुरुस्त्या करता, त्या ऑपरेटर त्याच फाइलीत करतो. म्हणजे शेवटचा, शुद्ध मजकूर छापखान्याच्या पेजमेकर किंवा इनडिझाइनच्या फाइलीतच राहतो, आणि तुमच्याकडे असतो तो पहिला, चुकांसकटचा. दोन वर्षांनी ई-पुस्तक काढायचं म्हटलं की सगळी प्रुफं पुन्हा. म्हणून पुस्तक छापायला देतानाच सांगा, "छपाईनंतर दुरुस्त मजकूर युनिकोडमध्ये परत हवा." त्याचे वेगळे पैसे पडले तरी द्या. पीडीएफ मिळाली यात समाधान मानू नका. जुन्या फॉन्टातल्या पीडीएफमधून मजकूर कॉपी केला तर तीच खिचडी बाहेर येते.

जुनी फाइल युनिकोडमध्ये बदलणारे कन्व्हर्टर नेटवर फुकट मिळतात. बदलल्यावर सगळं पुस्तक वाचायला वेळ नसेल तर चार जागा तरी तपासा. जोडाक्षराआधीची पहिली वेलांटी, ती हटकून सरकते. रफार, तो शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो. मग ऱ्य आणि ऱ्ह. यातलं अर्धं र दोन पद्धतींनी साठवता येतं. एका पद्धतीत एक अदृश्य जोडचिन्ह लागतं आणि कॉपी-पेस्ट करताना ते गळून पडतं. मग 'सह्याद्रीच्या दऱ्या'चं 'सह्याद्रीच्या दर्या' होतं आणि डोंगरात समुद्र येतो. नुक्त्याचा ऱ वापरून टाइप केलेलं टिकतं, तेच वापरा. चौथी जागा ॲ. हा अखंड ॲ असू शकतो, अ-वर चंद्र जोडलेला असू शकतो, किंवा ए-वर चंद्र दिलेला ऍ असू शकतो. वाचणारा तिन्ही सारखंच वाचतो, पण शोधताना कंट्रोल-एफला एकाच्या जागी दुसरा सापडत नाही. अखंड ॲ निवडा आणि बाकीचे 'फाइंड-रिप्लेस'ने बदलून टाका.

फॉन्ट कुठला, यावर लेखक फार वेळ घालवतात. मुक्ता घ्या, नोटो घ्या, राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा घ्या, सगळे मोफत आहेत. फक्त ल आणि श मराठी वळणाचे दिसतात का तेवढं पाहा. शासनाने 2009 सालच्या निर्णयात ही वळणं ठरवून दिली आहेत, पण पुष्कळ फॉन्ट आपोआप हिंदी वळण दाखवतात. मजकुराची भाषा मराठी अशी निवडली की काही फॉन्टांत ते सुधारतं.

कुठे आधी, कुठे नंतर

दिवाळी अंकांच्या आणि कथास्पर्धांच्या आवाहनात एक ओळ हमखास असते, "साहित्य अप्रकाशित असावे." हल्ली तिच्या पुढे असंही लिहितात की ब्लॉग, फेसबुक, ॲप यांवर टाकलेलं साहित्य प्रकाशित धरलं जाईल. लिहिलं नसेल तरी बहुतेक संपादक तसंच धरतात. तुमच्या भिंतीवर चार मित्रांनी वाचलेली गोष्ट त्यांच्या लेखी जुनी. "मग डिलीट करून पाठवली तर?" असं विचारणारे असतात. कुणीतरी ती आधीच कॉपी करून दुसरीकडे टाकलेली असते, आणि संपादकाने एखादं वाक्य गुगलवर टाकून बघितलं की सापडते. एका गोष्टीसाठी संपादकाचा विश्वास घालवू नये.

म्हणून क्रम असा. जी कथा छापील अंकाच्या दर्जाची वाटते ती आधी अंकाला. मोठ्या अंकांचं साहित्य साधारण जून ते ऑगस्टमध्ये जमा होतं. पाठवताना ईमेलमध्ये शेवटी एक ओळ लिहा, "15 सप्टेंबरपर्यंत आपला निरोप आला नाही तर ही कथा मी इतरत्र देण्यास मोकळी आहे असे समजेन." बरेच संपादक नकार कळवतच नाहीत आणि कथा वर्षभर अडकून पडते. या ओळीने ती सुटते. एकच कथा एका वेळी दोन अंकांना पाठवू नका, दोन्हीकडे छापून आली की दोन्ही दारं बंद होतात. अंकात आली तर नेटवर कधी टाकू हे संपादकांना विचारा. मी नवीन वर्ष उजाडेपर्यंत थांबते, तोवर अंकांची विक्रीही ओसरलेली असते. टाकताना "पूर्वप्रसिद्धी" म्हणून अंकाचं नाव आणि साल लिहा.

नेटवरचे दिवाळी अंकही असतात. मायबोली ही मराठी साइट 1996 पासून आहे, तशाच मिसळपाव आणि ऐसी अक्षरे आहेत. इथला वाचक तिखट. 'पु.ले.शु.' (पुढील लेखनास शुभेच्छा) लिहून जाणारे असतात तसे तुमच्या कथेतल्या पोस्टमनने रविवारी पत्र कसं आणलं असं विचारणारेही असतात. नवख्या लेखकाला फुकट मिळणारं हे सगळ्यात चांगलं संपादन आहे. प्रतिलिपि या ॲपवर वाचक जास्त, पण तिथे चालतात त्या भागांत तोडलेल्या मालिका, आणि प्रत्येक भागाच्या शेवटी कुणीतरी दार वाजवावं लागतं. तुमची गोष्ट तशी नसेल तर ओढूनताणून दार वाजवू नका. ई-साहित्य प्रतिष्ठान ई-पुस्तकं मोफत वाटतं. तिथे पैसे मिळत नाहीत, वाचक मिळतात.

हे सगळं कथा, दीर्घ लेख, कवितांचा संग्रह अशा ऐवजासाठी. चारोळी, प्रवासातला किस्सा, गावच्या जत्रेवरचं टिपण हे सरळ फेसबुकवर टाका. सगळंच राखून ठेवणारे लेखक शेवटी काहीच छापत नाहीत, असे दोन-तीन माझ्या ओळखीत आहेत.

स्वतःची एक जागा

ऑर्कुट ही फेसबुकसारखीच साइट 30 सप्टेंबर 2014 ला बंद झाली. तिथल्या मराठी कम्युनिट्यांत लोकांनी कविता लिहिल्या होत्या. गुगल प्लस 2019 मध्ये गेलं, याहू ग्रुप्स 2020 मध्ये. ज्यांच्याकडे आपली प्रत होती त्यांचं लेखन राहिलं.

म्हणून प्रत्येक लेखाची एक वर्ड फाइल, नावात शीर्षक आणि तारीख, दोन ठिकाणी ठेवलेली. वर्षातून एकदा फेसबुकवरून आपल्या माहितीची प्रत आणि ब्लॉगरच्या सेटिंगमधून बॅकअप. दिवाळीची साफसफाई करताना करा, लक्षात राहतं.

ब्लॉगरवरचा ब्लॉग फुकट आहे. स्वतःच्या नावाचं डोमेन घ्यायचं तर वर्षाला साधारण हजार रुपये धरा. एक बारीक पण त्रासदायक गोष्ट सांगते. ब्लॉगरवर शीर्षक देवनागरीत दिलं की तो पोस्टच्या वेबपत्त्यात शीर्षक घेत नाही, नुसतं 'ब्लॉग-पोस्ट' आणि एखादा आकडा टाकतो. वर्डप्रेसवर उलट, देवनागरी पत्ता कॉपी केला की टक्क्याच्या खुणांची हातभर शेपटी तयार होते आणि व्हॉट्सॲपवर ती बघून लोक फसवणुकीची लिंक समजतात. दोन्हीकडे प्रकाशित करण्याआधी पत्ता रोमन अक्षरांत स्वतः टाइप करा, दोन-तीन शब्दांत. नंतर बदललात तर आधी पाठवलेल्या लिंका तुटू शकतात.

नाव गळतं त्याचं काय करायचं

मराठी लिहिणाऱ्यांचं सगळ्यात मोठं दुखणं हे. तुमचा लेख सकाळी फेसबुकवर, दुपारी व्हॉट्सॲपवर, आणि संध्याकाळी तुमच्याच आत्याने तुम्हाला पाठवलेला असतो, खाली 'लेखक अज्ञात, आवडले म्हणून पुढे पाठवले'. लेख बरा असेल तर खाली पु. ल. देशपांडे किंवा व. पु. काळे यांचं नाव येतं, म्हणजे चोरीतही बढती मिळते.

पूर्ण थांबवता येत नाही, पण कमी करता येतं. फॉरवर्ड करणारा शेवटची ओळ कापतो, कारण तिथे तो स्वतःची फुलं आणि नमस्कार टाकतो. म्हणून नाव शेवटी देऊ नका. शीर्षकाच्या लगेच खाली द्या, आणि लेख मोठा असेल तर मधे एखाद्या परिच्छेदात ते मजकुराचाच भाग करा. "आई मला हाक मारायची, सुनंदा, अगं..." अशी हाक मधे आली की ती कापायला लेख वाचावा लागतो, आणि कापणारे वाचत नाहीत. कविता चित्रावर टाकत असाल तर नाव कोपऱ्यात नको, दोन कडव्यांच्या मधे.

परवानगीची ओळ नीट लिहा. "शेअर केले तरी चालेल" एवढंच लिहिलं तर कुणी काहीही समजतो. मी लिहिते, "नावासह आणि बदल न करता शेअर करता येईल. छपाई, अभिवाचन, ध्वनिमुद्रण आणि अनुवादासाठी आधी विचारावे." अभिवाचन मुद्दाम घातलंय. माझी एक कथा एका यूट्यूब चॅनलवर मागे बासरी लावून वाचलेली मला सापडली, नाव कुठेच नाही. चॅनलवाल्याला लिहिलं तर उत्तर आलं, "मॅडम, तुमची प्रसिद्धीच होतेय." यूट्यूबकडे कॉपीराइटची तक्रार केल्यावर व्हिडिओ उतरला. तीन कॉपीराइट स्ट्राइक, म्हणजे हक्कभंगाच्या नोंदी, झाल्या तर चॅनल जाऊ शकतं, म्हणून ते लोक तक्रारीला घाबरतात, विनवणीला नाही. तक्रारीत दिलेली तुमची माहिती समोरच्याकडे जाऊ शकते, तेव्हा या कामासाठी वेगळा ईमेल ठेवा. घरचा पत्ता आणि रोजचा नंबर उगाच कुणाच्या हाती जायला नको.

कायदा तुमच्या बाजूचा आहे, तेवढं पाठ करा. कॉपीराइट कायदा 1957 चा. लेखन झालं की हक्क आपोआप तुमचा, नोंदणी सक्तीची नाही. तो लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर 60 वर्षं चालतो. कलम 57 प्रमाणे हक्क विकला तरी लेखक म्हणून नाव मिळण्याचा अधिकार तुमच्याकडेच राहतो. नोंदणी केली तर पुरावा म्हणून उपयोग होतो. साहित्यकृतीसाठी सरकारी शुल्क 500 रुपये आहे, अर्ज ऑनलाइन होतो. प्रत्येक लेखासाठी करत बसू नका, कादंबरी किंवा संहिता असेल तर करा. बाकीच्यांसाठी तारखेचा पुरावा पुरतो. स्वतःला ईमेल करा, आणि पोस्ट टाकल्यावर तिचा पत्ता इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर जतन करा. तिथे पानासोबत तारीख राहते. टोपणनावाने लिहिणाऱ्यांनी हे जास्त सांभाळावं, कारण वेळ आली की ते टोपणनाव आपलंच आहे हे त्यांना आधी सिद्ध करावं लागतं.

हेच नियम आपल्यालाही लागू. दुसऱ्याच्या हिंदी कवितेचा मराठी अनुवाद टाकायचा तर परवानगी लागते. 'साभार' लिहिणं म्हणजे परवानगी नव्हे.

सही करण्याआधी

ॲपवाले, ऑडिओवाले, ऑनलाइन प्रकाशक करार पाठवतात. इंग्रजी असतो, लोक शेवटच्या पानावर जाऊन सही करतात. चार गोष्टी शोधा. कुठले हक्क (छापील, ई-पुस्तक, ऑडिओ, चित्रपट, अनुवाद वेगवेगळे मोजा), किती वर्षं, कुठल्या प्रदेशात, आणि पैसे किती व कधी. हक्क देण्याचा करार लेखी आणि सहीचा असावा लागतो. मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती 5 वर्षं धरतो, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारत. घेतलेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर तो तुमच्याकडे परत येतो, पण करारात वेगळं लिहिलेलं नसेल तरच, म्हणून तेच कलम आधी बघा. 'सर्व माध्यमांत, कायमस्वरूपी, जगभर' अशी ओळ दिसली आणि समोर रक्कम फुटकळ असेल तर सही करू नका. मासिकांना मी ईमेलवर लिहून देते, "एकदा छापण्याची परवानगी, बाकी हक्क माझ्याकडे." आजवर कुणी हरकत घेतलेली नाही.

आणि सहभाग शुल्क. 'राज्यस्तरीय प्रातिनिधिक काव्यसंग्रह', दोन कवितांना अमुक रुपये, सोबत सन्मानपत्र आणि ट्रॉफी. ती सन्मानपत्रं माझ्यासारख्यांच्या दुकानांतच छापली जातात, खर्च किती येतो ते मला माहीत आहे. हौस असेल तर करा. आयएसबीएनचे, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकाचे, पैसे कुणी मागितले तर देऊ नका, भारतात तो राजा राममोहन रॉय संस्थेकडून मोफत मिळतो.

किंडल आणि पैसे

ॲमेझॉनच्या केडीपी या किंडल ई-पुस्तकांच्या सेवेवर मराठी पुस्तक लेखक स्वतः टाकू शकतो. पीडीएफ टाकू नका, वर्डची फाइल किंवा ईपब ही ई-पुस्तकाची फाइल द्या आणि प्रीव्ह्यूमध्ये मोबाइलच्या आकारात शेवटपर्यंत बघा. आयएसबीएन लागत नाही.

मेख मानधनात आहे. दर दोन, 35 टक्के आणि 70 टक्के. भारतातल्या विक्रीवर 70 टक्के हवे असतील तर पुस्तक 'केडीपी सिलेक्ट'मध्ये घालावं लागतं. म्हणजे 90 दिवस ते ई-स्वरूपात दुसरीकडे कुठेही असता कामा नये, स्वतःच्या ब्लॉगवरसुद्धा. नमुन्यादाखल 10 टक्क्यांपर्यंत चालतं. छापील आवृत्तीला हरकत नाही. 90 दिवस झाले की नोंदणी आपोआप पुढे सरकते, थांबवायची असेल तर आपोआप पुढे सरकण्याच्या पर्यायावरची खूण आधी काढा. 99 रुपयांच्या पुस्तकाला एका दराने ढोबळ पस्तीस आणि दुसऱ्याने सत्तरच्या आत, त्यातून कर वजा, आणि 70 टक्क्यांत वितरणखर्चही. फोटो जास्त तर फाइल जड, आणि फाइल जड तर कपात जास्त. प्रवासवर्णन लिहिणाऱ्यांनी फोटो आधी लहान करून घ्यावेत.

वर क्रमाविषयी एवढं लिहिलं ते इथे उपयोगी पडतं. ज्यांची सगळी कादंबरी भागाभागाने ॲपवर आहे त्यांना 'सिलेक्ट' घेता येत नाही, आणि भाग उतरवले तर ॲपवरचे वाचक चिडतात. अर्धी कादंबरी मोफत आणि अर्धी किंडलवर हा मधला मार्ग मला पटत नाही, कारण वाचकाला तो सापळा वाटतो. त्यापेक्षा मोफत वाचायला कथा द्या आणि कादंबरी विकायला ठेवा.

खातं उघडताना करविषयक प्रश्नावली येते. कंटाळून सोडू नका. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकाने पुस्तक घेतलं तर त्या रकमेवर तिथे 30 टक्के कापले जातात. पॅन क्रमांक भरून भारत-अमेरिका करारातला दर निवडला की 15 टक्के.

शेवटी घरच्यांचं. मृत्यूनंतरची 60 वर्षं वारसांची असतात, पण वारसांना पासवर्ड माहीत नसतो. गुगलच्या सेटिंगमध्ये 'इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' आहे, फेसबुकवर 'लेगसी कॉन्टॅक्ट' आहे. दोन्हीकडे मुलीचं किंवा भावाचं नाव घाला आणि त्यांना तसं सांगा. केडीपीच्या बँक खात्यावर नॉमिनी आहे का तेही एकदा पासबुक घेऊन बँकेत विचारून या.